आवरलेला वेग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत. फळ्यावर समीकरण लिहून झालं की ते वर्गाला विचारत, ‘हे व्हायला वेळ किती लागतो?’ पुस्तकात बाणाच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय एवढंच दिलेलं असतं. वेळेबद्दल बाण काहीच बोलत नाही. आजचा माझा विषय, म्हणजे एन्झाइम, ज्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत विकरं म्हणतात, हा सगळा त्या एका प्रश्नाचा पसारा आहे.

एका आकड्यापासून सुरुवात करतो. आपल्या पेशींत आरएनएची अक्षरं सतत तयार होत असतात. त्यातलं एक अक्षर घडवताना शेवटच्या पायरीवर ऑरोटिडिन मोनोफॉस्फेट नावाच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड सुटावा लागतो. अमेरिकेत रिचर्ड वुल्फेंडेन आणि अ‍ॅना राड्झिका यांनी १९९५ साली एक साधा वाटणारा प्रश्न विचारला : विकर नसेल, नुसतं पाणी असेल, तर ही क्रिया आपोआप व्हायला किती काळ लागेल? उच्च तापमानांना वेग मोजून त्यांनी नेहमीच्या तापमानाचा हिशेब काढला. निम्मे रेणू बदलायला ७ कोटी ८० लाख वर्षं! पृथ्वीवरचे महाकाय डायनॉसॉर नाहीसे होऊन साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली आहेत. आणि यीस्टमधल्या विकराचा एकच रेणू हे काम एका सेकंदात सुमारे ३९ वेळा उरकतो.

हा आकडा ऐकून आपण विकराच्या वेगाने थक्क होतो. होणं साहजिक आहे. पण मला आज त्याच्या दुसऱ्या बाजूकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. जी क्रिया आपणहून घडायला कोट्यवधी वर्षं घेते, ती शरीरात फक्त विकर असेल तिथे आणि तेव्हाच घडते. विकर रोखलं की ती क्रियाही रोखली जाते. या क्रिया मुळात भराभर होणाऱ्या असत्या, तर त्यांच्यावर कुणाचाच ताबा राहिला नसता. शरीर म्हणजे सगळ्याच गोष्टी एकाच वेळी घडणारं एक भांडं झालं असतं. रसायनांच्या या जन्मजात आळसामुळेच जिवंत पेशीला केव्हा, कुठे आणि किती हे ठरवता येतं. म्हणून विकर कसं चालतं या प्रश्नाइतकाच ते कशाने थांबतं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असं माझं म्हणणं आहे. पुढचा तासभर मी तेच मांडणार आहे.

आधी थोडा इतिहास. अन्न पोटात दळलं जातं की विरघळतं, हा अठराव्या शतकातला वाद होता. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी एक घार पाळली होती. शिकारी पक्षी न पचलेल्या वस्तू उलटून टाकतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी धातूच्या छोट्या नळीत मांस भरलं, दोन्ही टोकांना जाळी बसवली आणि ती घारीला गिळायला लावली. नळी बाहेर आली तेव्हा धातू शाबूत होता, मांस मात्र बरंचसं विरघळलेलं होतं. दळणारी कोणतीही शक्ती नळीच्या आत पोचणं शक्य नव्हतं. जठरातल्या रसातच काहीतरी होतं. हे १७५२ मधलं. पुढे १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि १८३६ मध्ये श्वान यांनी जठररसातल्या त्या ‘काहीतरी’ला पेप्सिन हे नाव दिलं.

तरीही मोठा प्रश्न शिल्लक होता. साखरेची दारू होते, ती यीस्टच्या जिवंतपणामुळे की यीस्टमधल्या एखाद्या पदार्थामुळे? पाश्चर यांचं मत पहिल्या बाजूला होतं. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलात घोटलं, पेशी फोडल्या आणि दाब देऊन रस पिळून काढला. हा रस औषधी उपयोगासाठी टिकवायचा होता, म्हणून त्यात त्यांनी भरपूर साखर घातली. मुरंब्यात घालतो त्याच हेतूने. रस टिकायच्या ऐवजी फसफसू लागला. एकही जिवंत पेशी नसताना साखरेची दारू होत होती. बुखनर यांना १९०७ चं नोबेल मिळालं आणि जिवंतपणाचं एक गूढ रसायनशास्त्राच्या टेबलावर आलं.

हा पदार्थ आहे तरी कसला? याचं उत्तर जेम्स समनर यांनी दिलं. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता आणि ते मुळात डावखुरे होते. प्रयोगशाळेतलं नाजूक काम एका हाताने जमणार नाही, असं लोक सांगत. त्यांनी अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज हे विकर शुद्ध करायला घेतलं. शेतात युरिया टाकल्यावर अमोनियाचा उग्र वास येतो, तो मातीतल्या याच विकराच्या करणीने. नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ मध्ये समनर यांच्या हाती युरिएजचे स्फटिक आले आणि ते प्रथिनाचे होते. विल्स्टेटर यांच्यासारख्या नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाने ते मानायला नकार दिला. नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक केले, तेव्हा कुठे वाद मिटत गेला. काही आरएनए रेणूही विकरासारखे वागतात हे १९८० च्या दशकात कळलं, पण शरीरातली बहुतेक सगळी विकरं प्रथिनंच आहेत.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. रासायनिक क्रिया घडताना रेणूला मध्ये एका अवघड, ताणलेल्या अवस्थेतून जावं लागतं. जुना बंध अर्धा तुटलेला, नवा अर्धा जुळलेला, अशी ती संक्रमणावस्था. तिथवर चढायला ऊर्जा लागते आणि ती फार थोड्या रेणूंकडे असते, म्हणून क्रिया रखडते. मुंबई-पुण्यामधला बोरघाट डोळ्यांसमोर आणा. विकर या घाटात बोगदा खोदतं. बोगद्यामुळे चढण कमी होते, पण पुणं काही मुंबईच्या पातळीला येत नाही, आणि बोगद्यातून वाहतूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. म्हणजे क्रियेचा शेवटचा समतोल कुठे असेल ते विकर ठरवत नाही. तिथे लवकर पोचवणं एवढंच त्याचं काम.

हे ते कसं साधतं? एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्लीची कल्पना मांडली : विकराच्या खोबणीत ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. कल्पना सुंदर होती, पण अपुरी. किल्ली कुलपात घट्ट आणि आरामात बसली तर ती तिथेच बसून राहील, बदलेल कशाला? जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला राहिले, त्यांनी १९३० मध्ये सुचवलं की खोबण रेणूला किंचित ताण देत असावी. लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात ते अधिक नेमकं केलं : विकराची खोबण मूळ रेणूच्या मापाची नसते, त्या ताणलेल्या संक्रमणावस्थेच्या मापाची असते. अवघड अवस्थेलाच आधार मिळतो आणि चढण उतरते. डॅनियल कॉश्लंड यांनी १९५८ मध्ये आणखी भर घातली. खोबणही ताठर नसते. रेणू आत आला की ती त्याच्याभोवती आपला आकार जुळवून घेते.

एकच उदाहरण घेऊन हे नीट पाहू : ट्रिप्सिन. जेवणातली प्रथिनं लहान आतड्यात तोडणारं हे विकर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या साखळीतला एक दुवा साध्या पाण्यात आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतात. ट्रिप्सिनमध्ये सव्वादोनशेच्या आसपास अमिनो आम्लं आहेत, पण तोडण्याच्या मुख्य कामाला त्यातली तीन जुंपलेली असतात : सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट. साखळीत ती एकमेकांपासून दूर आहेत. साखळीच्या घड्या पडल्यामुळे ती शेजारी येतात. हिस्टिडीन सेरीनच्या टोकावरचा हायड्रोजन ओढून घेतं, अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडीनला योग्य जागी धरून ठेवतं आणि एरवी निरुपद्रवी असलेला सेरीनचा ऑक्सिजन अणू आक्रमक होतो. तो समोरच्या दुव्यावर तुटून पडतो. साखळीचा एक तुकडा सुटून जातो, दुसरा क्षणभर सेरीनला चिकटतो, मग पाण्याचा रेणू येऊन त्यालाही सोडवतो. सेरीन पुन्हा मोकळं होतं आणि पुढच्या दुव्याला तयार.

आणि तोडायचं कुठे, हे कोण ठरवतं? खोबणीच्या तळाशी ऋणभार असलेलं आणखी एक अ‍ॅस्पार्टेट बसलेलं आहे. लायसिन आणि आर्जिनिन या दोन धनभारित अमिनो आम्लांचे लांब हात तिथवर पोचतात आणि तिथेच अडकतात. म्हणून ट्रिप्सिन फक्त त्या दोघांच्या पुढचाच दुवा तोडतं. सेरीनचा हा एक ऑक्सिजन अणू लक्षात ठेवा. तो पुढे यवतमाळच्या कपाशीत आपल्याला भेटणार आहे.

प्रथिनं तोडणारं असं हत्यार स्वादुपिंडात तयार होतं आणि स्वादुपिंड स्वतः प्रथिनांचंच बनलेलं आहे. ते स्वतःलाच पचवत कसं नाही? कारण स्वादुपिंड ट्रिप्सिन बनवतच नाही. ते ट्रिप्सिनोजेन बनवतं, ज्याची खोबण अजून नीट आकाराला आलेली नसते. ते लहान आतड्यात पोचलं की तिथलं एंटेरोपेप्टिडेज हे दुसरं विकर त्याच्या टोकावरचं छोटं शेपूट कापतं आणि मग ट्रिप्सिन कामाला लागतं. ही पहिली खबरदारी. स्वादुपिंडात चुकून थोडं ट्रिप्सिन आधीच जागं झालं तर त्याच्या खोबणीत जाऊन बसणारं एक निरोधक प्रथिन तिथेच हजर असतं. ही दुसरी. तिसरी खबरदारी अशी की ट्रिप्सिनच्याच साखळीत एका ठिकाणी आर्जिनिन आहे. एका ट्रिप्सिनने दुसऱ्याला तिथे तोडलं की ते निकामी होतं.

हे तिन्ही बंदोबस्त कागदावरची हुशारी नाही. काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या लहान वयातच स्वादुपिंडाला वारंवार सूज येते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना त्याचं कारण सापडलं : त्या आर्जिनिनच्या जागी हिस्टिडीन आलं होतं. ट्रिप्सिनच्या कामात काहीच खोट नव्हती. ते बंद करायची जागा तेवढी नाहीशी झाली होती. भारतात आढळणाऱ्या उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांतही निरोधक प्रथिनाच्या जनुकातले बदल सापडले आणि ते काम हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केलं. अशा रुग्णाला पोट धरून तळमळताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना विकर आवरण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आवरण्याचे आणखीही मार्ग आहेत. कोवळ्या ज्वारीच्या ताटात धुरिन नावाचं संयुग एका प्रकारच्या पेशींत असतं आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या पेशींत. ताट उभं आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने ते चावलं की पेशी फुटतात, विकर धुरिनपर्यंत पोचतं आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. पाण्याच्या ताणाखालची कोवळी ज्वारी गुरांना चारू नये, हे शेतकऱ्याला माहीत असतं. त्यामागचं कारण हे. जिवाणूंमध्ये आणखी एक मार्ग दिसतो. एडविन अंबार्गर यांनी १९५६ मध्ये दाखवलं की आयसोल्युसिन पुरेसं तयार झालं की ते स्वतःच आपल्या उत्पादनसाखळीतल्या सुरुवातीच्या विकराला थांबवतं. माल साठला की कारखाना आपोआप मंदावतो, मुकादमाची गरज नाही.

आता बाहेरच्या परिस्थितीकडे वळू : तापमान, आम्लता आणि रेणूंची संख्या.

तापमान दहा अंशांनी वाढलं की विकराचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रेणू अधिक जोराने फिरतात, गाठीभेटी वाढतात. पण प्रथिनाच्या घड्या ज्या बंधांनी टिकतात ते दुबळे असतात. एका मर्यादेपलीकडे घड्या उलगडतात, ती तीन अमिनो आम्लं पांगतात आणि विकर संपतं. याचा घरगुती पडताळा नाचणीच्या सत्त्वात आहे. नाचणीला मोड आणले की दाण्यात अमायलेज तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. बडोद्याला तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळासाठी केलेल्या घट्ट पेजेत मोडाच्या धान्याचं थोडंसं पीठ मिसळलं की पेज पातळ होते. एरवी पातळ पेज हवी तर पाणी वाढवावं लागतं आणि बाळाच्या इवल्याशा पोटात पाणीच जास्त जातं. इथे धान्य तेवढंच राहून पेज पिण्याजोगी होते. मात्र हे पीठ खळखळ उकळत्या पेजेत टाकलं तर अमायलेज निकामी होतं. पेज जरा निवल्यावर ते घालायचं, हीच त्यातली मेख.

तापमानाची मर्यादा प्रत्येक विकराची वेगळी असते. सयामी मांजराचं काळा रंग बनवणारं विकर शरीराच्या उबेतच ढिलं पडतं, म्हणून त्याचं अंग फिकट आणि थंड राहणारे कान, पंजे, शेपटी तेवढी काळसर. दुसरं टोक अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत आहे. तिथल्या गरम पाण्यात थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याचं डीएनएची साखळी घडवणारं विकर ९५ अंशांचा तडाखा सोसूनही काम करतं. पीसीआर चाचणी या विकराच्या जोरावर उभी राहिली, आणि करोनाच्या काळात पीसीआर हे नाव घरोघरी पोचलं.

आम्लतेचं गणित ट्रिप्सिनमध्येच दिसतं. हिस्टिडीनने सेरीनचा हायड्रोजन ओढायचा असतो. भोवताली आम्ल असेल तर हिस्टिडीनवर आधीच हायड्रोजन बसलेला असतो, दुसरा घ्यायला जागाच नाही. म्हणून ट्रिप्सिनला ८ च्या आसपासचा पीएच लागतो. पेप्सिनची करणीच निराळी. त्याच्या दोन अ‍ॅस्पार्टेटपैकी एकावर हायड्रोजन असावाच लागतो, म्हणून ते जठरातल्या २ च्या आसपासच्या पीएचला खूश असतं. पीएच ही मोजपट्टीसुद्धा या अभ्यासातूनच जन्मली : कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करताना सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी तीव्र अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. तिथले सूक्ष्मजीव अशी विकरं बनवतात जी एवढ्या क्षारातही टिकतात. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढायला याच गुणाची विकरं लागतात, म्हणून मराठवाडा-विदर्भातल्या प्रयोगशाळांनी लोणारच्या जिवाणूंचा पाठपुरावा केला आहे.

रेणूंच्या संख्येचा नियम बर्लिनमध्ये सापडला. लिओनोर मिकाएलिस आणि कॅनडाहून संशोधनासाठी आलेल्या मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजचा वेग काटेकोरपणे मोजला. साखर वाढवत गेलं की वेग वाढतो, पण हळूहळू ती वाढ मंदावते आणि वेग एका कमाल पातळीला टेकतो. त्या टप्प्यावर विकराची प्रत्येक खोबण भरलेली असते. बाहेर कितीही साखर असो, आत जागा नाही.

खोबण एकच आणि दावेदार दोन असतील तर काय होतं, याचं एक दुःखद उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, पुढे फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंना आणि जिवाला घातक ठरतं. इथे विकर आपलं नेहमीचं काम चोख करतं आणि तेच माणसाला मारतं. डॉक्टरांचा एक उपाय म्हणजे रुग्णाला साधं इथेनॉल, म्हणजे नेहमीच्या दारूतलं अल्कोहोल, मोजून देणं. या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी जास्त आवडतं. खोबणी त्याने भरल्या की मिथेनॉल बाहेर ताटकळत राहतं आणि तसंच शरीराबाहेर पडतं. फोमेपिझोल हे औषधही त्याच खोबणीवर बसतं. वेळेवर विकर अडवणं हाच इथे उपचार.

आता मी कमला सोहोनींकडे येतो. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये उत्तम यश मिळवून भागवतांची ही मुलगी, दुर्गाबाई भागवतांची बहीण, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेली. संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. ती मागे हटली नाही. अटी घालून तिला घ्यावं लागलं. पुढे केंब्रिजला तिने बटाट्यासारख्या वनस्पतींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवलं. ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन पोचवण्याच्या साखळीतलं हे प्रथिन. ते ज्या विकराला इलेक्ट्रॉन देतं, त्या सायटोक्रोम ऑक्सिडेजलाच मघाचं ज्वारीतलं सायनाइड अडवतं. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी ती एक.

मला आज कमलाबाईंचं त्यानंतरचं काम सांगायचं आहे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या खाण्यातल्या ट्रिप्सिन-निरोधकांचा माग काढला. १९५५ मध्ये वाल आणि डबल बीनमधल्या निरोधकांचे स्फटिक त्यांनी मिळवले. या निरोधकाची चाल विलक्षण आहे. तो ट्रिप्सिनला खाद्य असल्यासारखाच सामोरा जातो. त्याच्या अंगावरचं लायसिन किंवा आर्जिनिन खोबणीच्या तळापर्यंत अचूक पोचतं. ट्रिप्सिन तोडायला जातं आणि तिथेच अडकतं, कारण हा दुवा सहजासहजी तुटत नाही आणि तुटला तरी तुकडे जागा सोडत नाहीत. दाणे खाणाऱ्या किड्याच्या पोटात वालाने केलेला हा बंदोबस्त आहे.

माणसाच्या पोटातही तो थोडाबहुत लागू पडतो. कच्च्या सोयाबीनवर ठेवलेले उंदीर वाढत नाहीत आणि सोयाबीन शिजवलं की वाढतात, हे ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच पाहिलं होतं. कच्च्या डाळीच्या निरोधकामुळे प्रथिन नीट पचत नाही, शिवाय स्वादुपिंड जास्तीचं ट्रिप्सिन बनवण्यात राबत राहतं. कोकणात वाल रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सोलतात आणि मग बिरडं शिजतं. या प्रत्येक पायरीवर निरोधक कमी होत जातो. कमलाबाईंचं संशोधन गरिबाच्या ताटातल्या प्रथिनांबद्दल होतं. डाळीत प्रथिन किती आहे एवढं मोजून भागत नाही. त्यातलं अंगी किती लागतं, हे कुठलं विकर कुठे अडलंय त्यावर ठरतं.

आणि आता तो ऑक्सिजन अणू. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी, स्नायूला हुकूम देण्यासाठी अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं. हुकूम पोचला की ते लगेच नष्ट व्हायला हवं, नाहीतर स्नायू आखडूनच राहील. ते काम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. याच्या खोबणीतही ट्रिप्सिनसारखंच जागं केलेलं सेरीन आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकी या सेरीनच्या ऑक्सिजनला फॉस्फेट चिकटवतात. वालाचा निरोधक केव्हातरी सुटू शकतो. हे फॉस्फेट सहजी सुटत नाही आणि काही काळाने ते कायमचं बसतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. कपाशी त्या वर्षी उंच वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, आणि पंपात वेगवेगळी कीटकनाशकं मिसळलेली. त्यांत ऑर्गनोफॉस्फेट गटातलीही होती. तोंडाला लाळ, बारीक झालेली बाहुली, फडफडणारे स्नायू, दमछाक : ही या गटाच्या विषबाधेची लक्षणं त्या एका विकराच्या बंद पडण्याने समजतात. उपचारही त्याच तर्काने चालतो. अ‍ॅट्रोपिन साठलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा हुकूम पोचू देत नाही, तर पॅम हे औषध सेरीनवरचं फॉस्फेट उपटून विकर मोकळं करतं. पण ते फॉस्फेट कायमचं बसायच्या आत द्यावं लागतं.

त्याच सेरीनने आपल्याला औषधंही दिली आहेत. अ‍ॅस्पिरिन सूज आणणाऱ्या विकराच्या खोबणीतल्या सेरीनला चिकटून ते बंद करतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराच्या सेरीनला पकडतं. भारतात ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बनलं पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, जो कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. एकाच अणूवर घाला घालणारी तीन रसायनं. एक माणूस मारतं, एक डोकेदुखी थांबवतं, एक न्यूमोनियातून वाचवतं. फरक एवढाच की कोणत्या जीवातलं, कोणतं विकर, किती काळ थांबलं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती सांगून मी थांबतो. कोलिनएस्टरेजची पातळी थोड्याशा रक्तात मोजता येते. ती प्रत्येक माणसाची वेगळी असते, म्हणून एकदाच मोजून फारसं कळत नाही. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि हंगामात पुन्हा मोजली, तर स्वतःच्याच आधीच्या पातळीपेक्षा ती किती खाली गेली ते कळतं आणि माणूस आजारी पडण्याआधीच त्याला फवारणीपासून दूर ठेवता येतं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी अशी वैद्यकीय देखरेख कायद्याने आहे. विदर्भात कपाशीच्या हंगामाआधी तालुक्याच्या रुग्णालयात, मजुरालाही मोफत, ही तपासणी का होऊ नये? लागणारं ज्ञान नवं नाही. विकर कशाने थांबतं हे आपल्याला नव्वद-शंभर वर्षांपासून कळत आलं आहे आणि त्यात आपल्या कमलाबाईंचा वाटा आहे. ते तपासणीच्या टेबलापर्यंत नेणं हे आता शास्त्रज्ञांपेक्षा आपलं, म्हणजे नागरिकांचं, पंचायतींचं आणि शासनाचं काम आहे. या सभागृहात आरोग्यखात्यातली आणि कृषिखात्यातली मंडळी दिसत आहेत. व्याख्यानानंतर त्यांनी मला यातल्या अडचणी जरूर सांगाव्यात. त्यांवर बोलायला मी थांबणार आहे.